गोलात २४ आकडा असलेलं चांदीचं छोटं नाणं, पोलंडचं की जर्मनीचं?

वेझरकाठची:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं वाचतेय पण लिहायची ही पहिलीच वेळ. आम्ही हॅनोवरच्या जवळ राहतो, सात वर्षं झाली. मागच्या रविवारी वेझर नदीकाठच्या एका गावात जुन्या सामानाचा बाजार भरला होता, मुलीसाठी सायकल बघायला गेलो आणि एका आजोबांच्या टेबलावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सुटी नाणी पडली होती त्यात हे दिसलं. १२ युरो म्हणाले, पोलंडचं आहे म्हणाले, मी घेतलं. घरी आल्यापासून रोज रात्री मुलगी झोपली की काढून बघत बसते.

माप सांगते. साधारण २२ मिलिमीटर, केकचं सामान मोजायच्या काट्यावर १.७ ग्रॅम. एकदम पातळ, पापडासारखं, कडेला एक चीर गेलीय. एका बाजूला गोळा आहे, त्याच्यावर क्रॉस, गोळ्याच्या पोटात २४ आकडा. भोवती अक्षरं आहेत पण वरची अर्धी कापली गेलीत, आर आणि व्ही वाचता येतं, पुढे बहुतेक डी. दुसऱ्या बाजूला ढाल, ढालीत काहीतरी काटेरी पान आहे, करवतीसारख्या कडा, मधोमध एक अगदी चिमुकली ढाल. त्या बाजूला ई, आर, एन अशी अक्षरं मला दिसतात, नवऱ्याला दिसत नाहीत.

प्रश्न असे की १) हे खरंच पोलंडचं का, २) २४ म्हणजे काय, वर्ष तर नसेल ना, ३) चांदी आहे का, कारण जिथे घासलं गेलंय तिथे गुलाबीसर रंग दिसतो, तांब्याच्या भांड्याची कड कशी दिसते तसा. आणि साफ करू का? घरी रिठे आहेत, चिंच आहे.

पावली:

ताई स्वागत. गोळा, क्रॉस आणि आत २४ म्हटलं की पहिलं नाव पोलंडच्या पोल्तोराकचंच येतं, त्यामुळे ते आजोबा अगदी उगाच बोलले नाहीत. राजा तिसरा सिगिस्मुंड, त्याच्या काळात १६१४ पासून ही नाणी प्रचंड पाडली, दीड ग्रोशची (ग्रोश म्हणजे तिथलं छोटं नाणं), म्हणून पोल्तोराक म्हणजे दीडकीच म्हणा ना. माझ्याकडे दोन आहेत. पण तुमच्या वर्णनात काही गोष्टी बसत नाहीयेत. पोल्तोराकच्या ढालीवर मुकुट असतो, ढालीच्या घरांत गरुड आणि घोडेस्वार, आणि ३ हा आकडा असतो कारण दीड ग्रोश म्हणजे तीन अर्धे ग्रोश. अक्षरं एस आय जी आय एस अशी सुरू होतात. आणि साल गोळ्यावरच्या क्रॉसच्या दोन बाजूंना, फक्त शेवटचे दोन आकडे, म्हणजे १६२४ असेल तर एकीकडे २ दुसरीकडे ४. वजनालाही ते हलकं, ग्रॅम सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि आकाराने थोडं लहान. तुम्ही परत एकदा बघून सांगा, ३ दिसतो का?

आणि चिंच रिठा तूर्त डब्यातच राहू द्या, हात जोडून सांगतो.

वेझरकाठची:

३ कुठेच नाही. मुकुट पण नाही. क्रॉसच्या बाजूला आकडे नाहीत. फक्त ते काटेरी पान.

ठसा_आणि_कस:

पान म्हणालात तिथेच उत्तर आहे ताई. हे शाउम्बुर्गचं आहे, आणि तुम्ही जिथून घेतलंत तिथून फार लांबचं नाही, वेझरच्या त्याच भागातली ती काउंटी, म्हणजे काउंट या दर्जाच्या सरदाराचा मुलूख. नाणं जवळपास घरीच होतं म्हणा.

सविस्तर लिहितो कारण ही चूक सगळेजण करतात, मीही अनेक वर्षं २४ बघून सरळ पोलंडच्या पाकिटात टाकत होतो. तो गोळा म्हणजे राइक्सआप्फेल, तुम्ही तिकडे राहता तर शब्द कळेलच, साम्राज्याचं सफरचंद. बादशहा राज्याभिषेकाला हातात धरायचा तो क्रॉसवाला गोल. ती खूण कुठल्या एका राज्याची नाही, पवित्र रोमन साम्राज्यातल्या कितीतरी छोट्यामोठ्या राज्यांनी ती छोट्या नाण्यावर मारली, आणि आत आकडा लिहिला, एका टालरला, म्हणजे तिथल्या चांदीच्या मोठ्या नाण्याला, किती नाणी बसतात तो. २४ म्हणजे चोवीस नाण्यांचा एक टालर. साल नाही. पोलंडने आपल्या पोल्तोराकवर तोच गोळा आणि तोच आकडा घेतला, नाणं शेजारच्या बाजारात ओळखीचं वाटावं म्हणून, आणि तेव्हापासून लोकांचा घोळ चालूच आहे.

म्हणून गोळ्याच्या बाजूने कधी राज्य ओळखायला जायचं नाही, नाणं उलटायचं. उलटल्यावर गुलाबाचं फूल दिसलं तर लिप्पे, हरीण दिसलं तर स्टोलबर्ग, तारा दिसला तर वाल्डेक, आणि काटेरी कडांचं पान आणि त्याच्या पोटात छोटी ढाल दिसली तर शाउम्बुर्ग. जर्मन लोक त्याला नेसलब्लाट म्हणतात, ब्रेनेसल नावाचं झाड तुम्ही तिकडे रानात पाहिलं असेल, हात लागला की आग होते, त्याचं पान. मुळात ते पान नव्हतंच म्हणतात, ढालीची दातेरी कड होती, ती काढता काढता लोकांना पान दिसायला लागलं. नीट ठसा असेल तर पानाच्या तीन टोकांना तीन खिळे पण दिसतात. आजही श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या चिन्हात हे पान आहे, कारण या शाउम्बुर्गच्या काउंटांना बाराव्या शतकाच्या सुरुवातीला होल्स्टाइन मिळालं आणि त्यांचं पान तिथेही रुजलं. त्यांची होल्स्टाइनची मोठी शाखा १४५९ ला संपली, मग हातात राहिलं ते वेझरकाठचं मूळ गाव आणि हॅम्बर्गच्या बाजूचं पिनेबेर्ग. म्हणून कॅटलॉगमधे शोधाल तर शाउम्बुर्ग-पिनेबेर्ग असं सापडेल.

तुमची ई आर एन बरोबर आहेत, यजमानांना सांगा. एर्न्स्ट. हा १६०१ ला गादीवर आला आणि १६२२ च्या जानेवारीत गेला. त्याच्या नावापुढे डी जी म्हणजे देई ग्राशिया, ईश्वरकृपेने, मग सी ओ किंवा सी ओ एम म्हणजे कोमेस, काउंट, आणि मग होल्स्टाइन आणि शाउम्बुर्ग तुकड्या तुकड्यात जागा पुरेल तितकं. पलीकडच्या बाजूला आर व्ही डी म्हणजे बादशहा दुसरा रुडॉल्फ, तेव्हा यूच्या जागी व्ही कोरायचे. रुडॉल्फ १६१२ मधे गेला, मग मथियास आला. म्हणजे साल कापलं गेलं असलं तरी दोन नावांच्या मधे नाणं पकडता येतं, एर्न्स्ट १६०१ च्या आधीचा नाही आणि रुडॉल्फ १६१२ च्या नंतरचा नाही. अकरा वर्षांची खिडकी. ज्यांनी शिवराई गोळा केल्यात त्यांना हे जमतंच, एका नाण्यावर "श्री राजा" मधलं नुसतं "जा" उरतं आणि दुसऱ्या बाजूला "पती", आणि तरी आपण पूर्ण वाचतो.

रुडॉल्फच्या नावापुढे त्याची बिरुदं असतात, रोमन सम्राट, सेंपर ऑगस्टुस. हे सेंपर ऑगस्टुस जर्मनमधे लिहिताना ते लोक "सर्वकाळ साम्राज्य वाढवणारा" असं लिहायचे. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा राजमुद्रेतलं वर्धिष्णु आठवलं.

आता एक काम करा. खोलीतला दिवा बंद, मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या अगदी बाजूला टेबलाला टेकवून आडवा धरा, वरून नाही. नाणं हळूहळू फिरवा. गोळ्याच्या बाजूला अक्षरं जिथे संपतात तिथे, क्रॉसच्या डावीकडे, तीन चिन्हं शोधा. या भागात साल बऱ्याचदा पहिला १ सोडून तीनच आकड्यांत लिहायचे.

वेझरकाठची:

आत्ता केलं!! टॉर्च आडवा धरल्यावर एकदम उठून आलं सगळं, मी ओरडलेच. आर व्ही डी ओ एल अगदी स्पष्ट. आणि शेवटी सहा आहे, मग शून्य, अर्धं कापलंय पण शून्यच, आणि मग इंग्रजी झेड. झेड कसा काय आकड्यात?

ठसा_आणि_कस:

झेड नाही तो, २ आहे. तेव्हाचा २ असाच कोरायचे. १६०२. एर्न्स्टला गादीवर येऊन एखादंच वर्ष झालेलं. सुंदर. फोटो टाका जमला तर, टॉर्चवालाच.

जुनं_खोड:

धागा वाचून राहवलं नाही. राज्य ठरलं, साल ठरलं, आता ताईंचा तिसरा प्रश्न, चांदी आहे का. आहे पण निम्मी. आमचं तीन पिढ्यांचं सराफीचं दुकान होतं म्हणून हा विषय माझ्या जवळचा.

आपण सोळा आणे खरं म्हणतो ना, जर्मनांकडे चांदीचा कस अगदी तसाच सोळावर मोजायचे. सोळा लोट म्हणजे शुद्ध, आठ लोट म्हणजे आठ आणे. १५५९ ला आउग्सबुर्गच्या सभेत नाण्यांचा कायदा झाला, १५६६ ला त्यात टालर घेतला, तो असा की कोलोनच्या एका मार्क वजनातून, म्हणजे सुमारे २३३.८६ ग्रॅममधून, आठ टालर पाडायचे. म्हणजे एक टालर २९.२३ ग्रॅम, आपला जवळपास अडीच तोळ्याचा, आणि त्यात शुद्ध चांदी २५.९८ ग्रॅम. हा झाला मोठा मालक. आता याचा चोविसावा हिस्सा करा, शुद्ध चांदी येते १.०८ ग्रॅम. एवढ्याशा चांदीचं नाणं केलं तर नखाएवढं होईल, खिशातून पडलं तर सापडायचं नाही, म्हणून त्यात तेवढंच तांबं घालायचे, आठ लोटाचा कस, आणि वजन होतं साधारण २.१५ ग्रॅम. दोन मासे आणि वर थोडं.

ताईंचं १.७ भरलं म्हणून घाबरायला नको. एकेक नाणं तोलून सोडत नसत, एका मार्क धातूतून १०८ च्या आसपास नाणी निघाली पाहिजेत एवढाच हिशोब, मग त्यात एखादं जाड एखादं पातळ. त्यावर चारशे वर्षांची झीज. आणि टांकसाळवाल्याने एका मार्कातून दोनचार नाणी जास्त काढली असतील तर तेही काही नवल नाही, त्याच्यावर पुढे लिहितो.

गुलाबी रंगाचं कारण ऐका. निम्मं तांबं असलेली चकती तापवली की काळी लाल दिसते, चांदी वाटतच नाही. म्हणून ठसा मारायच्या आधी त्या चकत्या वाईनच्या पिंपात तळाला जो आंबट खार बसतो त्याच्या पाण्यात मीठ टाकून उकळायचे. आंबटाने वरवरचं तांबं खाल्लं जातं, चांदी तशीच राहते, आणि चकती पांढरी शुभ्र होते. आपले कारागीर चांदी उजळायला चिंचेचं पाणी वापरतात त्यातलाच प्रकार. पण लक्षात घ्या की ती पांढरी चांदी म्हणजे नुसती वरची कातडी, केसाएवढी सुद्धा जाड नाही. ती कातडी पानाच्या उंच कडांवर झिजली तिथे तुम्हाला आतलं गुलाबी दिसतंय. तुमचं नाणं खोटं नाही, उलट त्या काळी जसं करायचे तसंच केलेलं आहे याची ती खूण आहे.

म्हणून पावली म्हणाले ते मी परत म्हणतो. रिठा नाही, चिंच नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट तर नाहीच. मी वीस वर्षांचा असताना वडिलांच्या पेटीतली अशीच हिणकस चांदीची काही जुनी नाणी चिंचेत टाकून ब्रशने घासली होती, चकाचक केली आणि दाखवायला घेऊन गेलो. वडील काही बोलले नाहीत, हातात घेऊन बघत राहिले आणि परत पेटीत ठेवली. त्या नाण्यांवरची अक्षरं आज वाचता येत नाहीत. फार माती असेल तर नुसत्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर टेकवून वाळवा, पुसायचं नाही, टेकवायचं.

पावली:

जुनं खोड काका, ते दोनचार नाणी जास्त काढायचं पुढे लिहितो म्हणालात ते लिहाच. माझा जुना प्रश्न आहे, एवढीशी काउंटी, दोनचार गावं, तिला स्वतःची टांकसाळ कशाला लागते? आणि चालवली तर टालर का नाही, ही चिल्लरच का?

जुनं_खोड:

प्रश्न बरोबर जागी विचारलात.

टांकसाळ हा मान होता. बादशहाकडून हक्क मिळायचा, आणि एकदा हक्क असला की काउंट असो, बिशप असो, मठाची प्रमुख बाई असो, आपलं नाव चांदीवर उमटवायचं. आता मोठ्या संस्थानांकडे चांदीच्या खाणी होत्या, सॅक्सनीकडे होत्या, हार्झ डोंगरात ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांकडे होत्या. ज्याच्याकडे खाण नाही त्याने चांदी बाजारभावाने विकत घ्यायची. आता विचार करा, टालर पाडला तर चांदी भरपूर, ठोका एकच. ग्रोशन, म्हणजे ताईंच्यासारखी १/२४ टालरची नाणी, पाडले तर तेवढ्याच चांदीला चोवीस चकत्या कापा, चोवीस उकळा, चोवीस ठोके द्या. मजुरी चोवीसपट नाही म्हटलं तरी कितीतरी जास्त. पण ग्रोशनमधली चांदी टालरच्या बरोबर ठेवायची असं वरून बंधन. मग मजुरी निघणार कुठून? नाणं थोडं पातळ करून, नाहीतर कस थोडा उतरवून. आणि गिऱ्हाइकाला ते कळत नाही, कारण टालर घेताना माणूस तोलून घेतो, चिल्लर मोजून घेतो.

हीच मेख आहे. मोठ्या नाण्यात चोरी केली तर पहिलाच व्यापारी पकडतो, लहान नाण्यात केली तर ती बाजारात मुरते. म्हणून कमाई करायची ती चिल्लरमधे.

वर बसलेल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. साम्राज्याचे क्राइस म्हणजे विभाग केलेले होते, प्रत्येक विभागाच्या ठरलेल्या बैठका व्हायच्या, तिथे टांकसाळींची नाणी आणून वितळवून कस बघायचे. १५७० ला श्पायरच्या सभेत तर ठरलं की एका विभागात तीनचारच टांकसाळी चालतील, ज्यांच्या स्वतःच्या खाणी आहेत ते सोडून. कागदावर. प्रत्यक्षात इतक्या निघाल्या की लोकांनी नावच ठेवलं हेकनम्युन्झं, कुंपणाआडची टांकसाळ. मालक काउंट, चालवणारा ठेकेदार, ठेकेदाराने वर्षाला ठरलेली रक्कम मालकाला द्यायची आणि वरचं त्याचं.

ताईंचं नाणं १६०२ चं, तेव्हा गाडी अजून बऱ्यापैकी रुळावर होती. वीस वर्षांनी काय झालं ते बघा. १६१८ ला तीस वर्षांचं युद्ध पेटलं, सैन्याला पगार हवा, सगळ्यांनाच एकदम पैसा हवा. त्यातून तो काळ आला ज्याला किप्पर उंड विप्पर म्हणतात. विप्पं म्हणजे तराजूची हलणारी दांडी, किपन म्हणजे कलंडणं. सराफ तराजूवर नाणी टाकायचे, दांडी खाली गेली ते जड नाणं बाजूला काढून भट्टीत, हलकी परत बाजारात. वितळवलेल्या चांदीत तांबं घालून नवीन नाणी, ती परत शेजारच्या राज्यात नेऊन तिथली चांगली नाणी उचलायची. शेजारचा ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक फ्रीडरिश उलरिश, त्याच्या मुलखात तर डझनावारी टांकसाळी उभ्या राहिल्या. शेवटी शेवटी नाणी म्हणजे तांब्याला चांदीचं पाणी. बोहेमियात १६२२ च्या जानेवारीत एका मंडळींच्या टोळीने सगळ्या टांकसाळी ठेक्याने घेतल्या, पुढे बादशहाचा सेनापती झालेला वालेनस्टाइन त्यात होता, आणि एका मार्क चांदीतून ७९ गुल्डन (हेही तिथलं नाणं) पाडायचा करार केला. पूर्वी १९ पाडायचे.

मी दुकानात बट्ट्याचे हिशोब लहानपणी पाहिलेत, नाणं कुठलं, कुठल्या सालचं, त्याप्रमाणे शेकड्याला किती कापायचं. बट्टा हा हुशार माणसाचा धंदा आहे, त्यात ज्याला तोलता येतं तो कमावतो. पण तिकडे झालं ते फार वाईट. ज्यांचा पगार बांधलेला, पाद्री, शाळामास्तर, मजूर, त्यांना तेच चोवीस ग्रोशन मिळत राहिले आणि पावाला पुरेनात. शेतकरी बाजारात धान्य आणेना, कारण विकून काय मिळणार तर तांबं. आणि गंमत नाही, खरी शोकांतिका ही की सगळ्यात शेवटी ज्या राजांनी हे पाडलं त्यांच्याच तिजोरीत कराच्या रूपाने तेच तांबं परत आलं. तेव्हा कुठे १६२२-२३ ला सगळे जुन्या मापावर आले.

म्हणून मला किप्परच्या आधीचं कुठलंही ग्रोशन हातात आलं की बरं वाटतं. त्यात अजून चांदी आहे.

दगडी_अक्षर:

नाण्यांतलं मला फार कळत नाही, पण एर्न्स्टचं नाव वाचून थांबले. मी स्थापत्य शिकायला जर्मनीत होते आणि ब्युकेबुर्गला दोनदा जाऊन आले. ताई, तुम्ही हॅनोवरजवळ असाल तर मिंडेनकडे जाणाऱ्या रेल्वेवरच आहे, नक्की जा. ही त्याची राजधानी. तिथलं गावातलं मोठं चर्च याच एर्न्स्टने बांधलं, १६११ ते १६१५. समोरची भिंत इतकी नक्षीने भरलेली की डोळा कुठे ठेवावा कळत नाही, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लॅटिनमधे लिहिलंय, एक्झेंप्लुम रेलिगिओनिस नोन स्ट्रुक्तुरे. हे धर्माचं उदाहरण आहे, इमारतीचं नाही, असा अर्थ. आता प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या, शेवटच्या शब्दाची पहिली दोन. ई, आर, एन, एस, टी. सोनेरी केलेली आहेत ती अक्षरं.

तुम्ही ज्या तीन अक्षरांसाठी रात्री टॉर्च लावून बसलात तीच तिथे देवळाच्या कपाळावर आहेत.

माणूस हौशी होता, आणि नुसता हौशी नाही. १६२१ ला रिंटेल्नला विद्यापीठ काढलं. श्टाटहागेनला त्याची समाधी आहे, तिथलं ब्राँझचं शिल्प आद्रियान द फ्रीसचं, हा शिल्पकार तुमच्या नाण्यावरच्या रुडॉल्फ बादशहाच्या दरबारात प्रागला होता. येशू थडग्यातून उठतोय आणि खाली पहारेकरी झोपलेत, एक झोपलेला शिपाई इतका खरा आहे की मी हळू चालत होते. हे सगळं एवढ्याशा मुलखाच्या पैशावर, त्याने कारभार चोख ठेवला म्हणून जमलं.

ठसा_आणि_कस:

वा, ही अक्षरांची गोष्ट मला माहीत नव्हती. फार छान.

त्यात भर घालतो. हाच एर्न्स्ट १६१९ ला काउंटचा फ्युर्स्ट झाला, प्रिन्स, बादशहा दुसऱ्या फर्डिनांडने बढती दिली. त्याने आपल्याला होल्स्टाइनचा प्रिन्स म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन भडकला, कारण होल्स्टाइनचा ड्यूक तो स्वतः. पिनेबेर्गमधे सैन्य घातलं, एर्न्स्टला ते बिरुद सोडावं लागलं. म्हणून या घराण्याच्या नाण्यांवर नावापुढे काय लिहिलंय ते नीट वाचायचं, अर्ध्या अक्षराला किंमत आहे. हा क्रिश्चन म्हणजे तोच ज्याच्या काळात १६२० ला तरंगमबाडीला डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायकाकडून जागा घेऊन किल्ला बांधला. पुढे तंजावर भोसल्यांकडे आल्यावर त्या जागेचा खंड मराठा राजांकडे जायला लागला. जग किती लहान असतं.

एर्न्स्टला मूल नव्हतं. त्याच्यानंतर दोघे झाले, शेवटचा ऑटो १६४० ला गेला आणि वंश संपला. पिनेबेर्ग याच क्रिश्चनने आणि त्याच्या भाऊबंद ड्यूकने वाटून घेतलं, वेझरकाठचा बहुतेक भाग लिप्पे आणि हेसेन-कासेलमधे विभागला. पण पान संपलं नाही, लिप्पे आणि हेसेन-कासेल दोघांनीही ते आपल्या ढालीत ठेवलं.

वेझरकाठची:

काल शनिवारी जाऊन आले ब्युकेबुर्गला. मुलगी आणि मी. पाऊस होता, छत्री धरून चर्चसमोर उभ्या राहिलो, मी तिला सोनेरी अक्षरं शोधायला सांगितली. तिने मोठ्याने वाचली, ई, आर, एन, एस, टी, आणि म्हणाली आई हे तर तुझ्या नाण्यावरचं. नाणं मी पर्समधे रुमालात गुंडाळून नेलं होतं, बाहेर काढलं नाही, ओलं होईल म्हणून. पण होतं बरोबर.

येताना तिने स्टेशनजवळच्या एका पाटीवर जिल्ह्याचं चिन्ह पाहिलं, त्यात पान. मग घरी येईपर्यंत पानं मोजत होती, पोलिसाची गाडी नाही, कचऱ्याची गाडी हो, असं. सात वर्षं ते पान रोज बघतेय मी आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

साफ केलेलं नाही. आता ठेवायचं कसं ते सांगा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू का?

जुनं_खोड:

मऊ प्लास्टिकची पिशवी नको, त्यातून कालांतराने चिकट हिरवट थर येतो, तांबं असलेल्या नाण्याला तर लवकर. साधं आम्ल नसलेलं कागदी पाकीट घ्या, तिकडे नाण्यांच्या दुकानात मिळतं, आणि कोरड्या जागी ठेवा. धरताना कडेने धरा, चीर आहे त्या बाजूने नको.

पाकिटावर पेन्सिलीने लिहा: शाउम्बुर्ग, काउंट एर्न्स्ट, १/२४ टालर, १६०२, बादशहा रुडॉल्फ, १.७ ग्रॅम, २२ मिमी. आणि खाली कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, कितीला घेतलं ते. मुलगी बरोबर होती तेही लिहा.

वेझरकाठची:

लिहिलं. मुलीकडून लिहून घेतलं, मराठीत. एर्न्स्टचा न् आणि स्ट तिला जमला नाही, तीनदा खोडलंय. तसंच ठेवते.